हात काढ, बघू

सरांनी पट्टीची केबल गुंडाळली, तिला रबर लावलं आणि टेबलाच्या कडेला ठेवून दिली. भिंगरीने हात पुढे करून ती चाचपली, रबर काढलं, केबल सगळी उलगडली आणि चार बोटांभोवती वेटोळी घालत पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

"अशी गुंडाळायची," ती म्हणाली. "तुम्ही पीळ घालता. मग ती आतून तुटते."

"बरं, बाई."

"बाई होईन तेव्हा म्हणा."

वर्ग सुटला होता. टेबलावर पुठ्ठ्याचा खोका उघडा होता, त्याच्याशेजारी वाकड्या मानेचा दिवा, जो सर भर दुपारीही लावून ठेवत. मधोमध पट्टी. संगणकाच्या कीबोर्डाएवढी लांब, पण अरुंद, आणि वरच्या अंगाला बारीक भोकांची एक रांग. संगणकाला जोडली की पडद्यावरची ओळ या भोकांतून ठिपके होऊन वर यायची, आणि ज्यांना पडदा दिसत नाही ती मुलं ती बोटांनी वाचायची. बटण दाबलं की ठिपके आत जायचे, पुढच्या ओळीचे वर यायचे. शाळेत अशी पट्टी एकच होती, तीही कुणीतरी वापरून दिलेली. वर्षभर ती बहुतेक वेळ भिंगरीच्या हाताखाली असायची.

भिंतीला हात न लावता ती व्हरांड्यातून पळायची आणि कोपऱ्यावर गिरकी घेऊन वळायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिच्या आईनेही आता तेच नाव धरलं होतं.

सरांनी फुग्याफुग्यांचा प्लास्टिकचा कागद टेबलावर पसरला. भिंगरीचे दोन्ही हात लगेच त्यावर आले. डावीकडून उजवीकडे, ओळीने, जसं वाचायला शिकवलं होतं तसे.

"सर, यावर काहीतरी लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"ढ." ती खुदकन हसली. "ढ ला सगळे सहा ठिपके लागतात ना? इथं एकही जागा रिकामी नाही. ढ ढ ढ ढ ढ. यांना माझ्याबद्दल कुणी कळवलं हो?"

सर हसले. हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी पट्टी उचलून कागदात ठेवली, एक घडी घातली, दुसरी घातली.

"परत कधी येईल?"

"दुरुस्त झाली की."

"आणि आली की मी पहिली बसणार. तुडतुड्याला आधी द्यायची नाही."

"ही टेप कुठे गेली आता?" सर म्हणाले आणि टेबलावरच्या वस्तू इकडून तिकडे करू लागले. टेप त्यांच्या हातातच होती.

भिंगरीने मान किंचित कलती करून त्यांच्या शोधाशोधीचा आवाज ऐकला. मग फुग्यांच्या कागदाचा उरलेला तुकडा घडी करून दप्तरात टाकला.

"हा मला," ती म्हणाली.

"घे."

पट्टी परत आली की वर्गात सगळ्यांत भरभर वाचणाऱ्या तुडतुड्यालाच मिळणार होती. ते ठरून गेलं होतं, आणि ते सरांच्या शब्दावरून ठरलं होतं.

*

तसं पाहिलं तर बिघाड छोटा होता. पट्टीवरची ओळ मधूनच उडी मारायची. वाचणारा तिसऱ्या शब्दावर असला की अचानक पुढची ओळ वर यायची. संगणकातली अक्षरं पट्टीपर्यंत पोचवणारा प्रोग्राम परदेशातल्या एका माणसाने लिहिलेला होता. तो कुणालाही फुकट वापरायला द्यायचा आणि बिघाड कळवला की स्वतः उत्तर लिहायचा. सरांनी त्याला कळवलं. ज्या भाषेत कळवलं ती दोघांचीही नव्हती, त्यामुळे वाक्यं सोपी असायची आणि दोघेही एकमेकांशी फार जपून बोलायचे.

त्याच्याकडच्या पट्ट्यांवर ओळ उडी मारत नव्हती. सरांनी फोटो पाठवले, पट्टीचं चित्रीकरण पाठवलं. त्यावर तो कधी काही बोलला नाही. प्रत्येक पत्रात मात्र विचारायचा, "बोटांना काय लागतं, तेही कळवा." सर दिव्याखाली जे दिसेल ते कळवायचे. शेवटी त्याने लिहिलं की तुमची पट्टी जुनी आहे, तसली माझ्याकडे नाही, शक्य असेल तर ती माझ्याकडे पाठवून द्या.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, सुरुवातीला नाहीच म्हणाल्या होत्या. एकुलती एक पट्टी, ती समुद्रापार कशी पाठवायची, आणि मुलं तोवर काय करणार? मग त्याच महिन्यात भिंगरीचा प्रश्न निघाला.

भिंगरी चुकायची. साध्या साध्या शब्दांना चुकायची.

"आई लात पाहत होती," ती वाचायची, आणि वर्ग फिदीफिदी हसायचा.

"लात? नीट वाच, बाळ."

"लातच आहे, सर."

"हात काढ, बघू."

ती हात काढायची. सर दिव्याची मान ओढून पट्टीवर आणायचे. तिरक्या उजेडात ठिपक्यांच्या सावल्या पडतात, डोळ्यांना वाचणं सोपं जातं. सर डोळ्यांनीच वाचत. इतकी वर्षं ब्रेल लिपी शिकवली, पण त्यांची बोटं ती कधी शिकली नव्हती. डोळे असताना तशी गरज पडली नव्हती. दिव्याखाली स्वच्छ दिसायचं. व चे चार ठिपके, चारही उभे.

"वाट आहे. मला दिसतंय ना इथं. पुन्हा वाच. घाई नको. एकेका अक्षरावर थांब, बोटाला कळू दे, मग पुढे जा."

त्यांचा आवाज कधी चढला नाही. शाळेत सगळ्यांना माहीत होतं की सर रागावत नाहीत. जे मूल दुसऱ्यांच्या हाताला लागत नाही ते सरांच्या वर्गात पाठवायचं, अशी शाळेची रीतच पडून गेली होती, आणि सरांना ती मनातून आवडायची. भिंगरीला त्यांनी सगळा वेळ दिला. ती सावकाश वाचू लागली, मग आणखी सावकाश, आणि जितकी सावकाश वाचे तितकी जास्त चुके. त्याच पट्टीवर तुडतुड्या बोटं नुसती पळवायचा आणि धडा धडाधड म्हणून मोकळा व्हायचा, त्यामुळे पट्टीबद्दल शंका यायचं काही कारण नव्हतं.

हळूहळू भिंगरीने "लातच आहे" म्हणणं सोडलं. मग शब्द वाचून झाला की आपण होऊनच हात उचलून मांडीवर ठेवायला लागली.

"प्रयत्न खूप केले," सरांनी मोठ्या बाईंना सांगितलं होतं. "पण तिचं बोट तयार होत नाही. काही मुलांचं नाही होत."

"मग ऐकण्याच्या वर्गात टाकू तिला," बाई म्हणाल्या. "कान तिखट आहेत पोरीचे. कानांनी शिकेल. उगाच तिलाही छळायचं आणि तुम्हीही जीव आटवायचा." मग त्यांना आठवलं. "आणि मग पट्टी रिकामीच राहील की नाही काही दिवस? पाठवा तुमच्या त्या माणसाला. नीट होऊन आली की तुडतुड्याला द्या. तो चीज करेल."

भिंगरीची आई सही करायला आली तेव्हा तिने काही विचारलं नाही. "तुम्ही म्हणाल तसं, सर," ती म्हणाली. "तुम्ही काय तिचं वाईट करणार आहात?"

सरांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ती तोवर उठली होती.

*

कुरियरच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने खोका हातावर तोलला.

"काय आहे यात?"

सरांनी सांगितलं. त्याला ते नीट कळलं नाही. त्याने संगणकाचं सामान असं लिहून घेतलं.

"चालू आहे की बंद?"

"चालू आहे. म्हणजे, चुकते अधूनमधून."

"चुकते म्हणजे बिघडलेलीच ना, साहेब. बिघडलेली लिहितो, म्हणजे तिकडे फार उघडून बघत बसत नाहीत." त्याने खोक्यावर लाल पट्टा चिकटवला. "गेली समजा. आता डोक्यातून काढून टाका."

सर रस्त्यावर आले. काहीतरी विसरल्यासारखं वाटून त्यांनी खिसे चाचपले. चष्मा होता, किल्ल्या होत्या, पावती होती. सगळं जागच्या जागी होतं.

*

ऐकण्याचा वर्ग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे मुलं कानाला हेडफोन लावून बसायची आणि धडे ऐकायची. भिंगरी तिथे चमकली. ऐकलेला धडा ती शब्द न शब्द म्हणून दाखवायची, शिवाय धडा वाचणाऱ्या बाईंच्या आवाजाची नक्कलही करायची. आठवड्याभरातच मोठ्या बाई सरांना म्हणाल्या, "बघा, बरोबर निर्णय घेतला आपण. तुमची नजर आहे, सर."

मधल्या सुट्टीत भिंगरी सरांच्या वर्गात डोकावायची. म्हणजे दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची आणि आत कोण आहे ते ऐकायची.

"सर, पट्टी पोचली का?"

"वाटेत आहे अजून."

"सरांनी पट्टी परदेशी धाडली," मागच्या बाकावरून तुडतुड्या ओरडायचा, "आता मारणार कशानं?"

"सर मारतात कधी, बावळटा?" भिंगरी म्हणायची. मग आवाज खाली आणून, "सर, एक विचारू? काल धड्यात 'निश्चल' आलं. ते कसं दिसतं?"

सर तिचा हात हातात घेऊन तळव्यावर बोटाने ठिपके टेकवायचे. ती ते मनात जुळवायची, ओठ हलवायची.

"ऐकताना असं वाटतं," ती एकदा म्हणाली, "कुणीतरी घास भरवतंय. चव लागते. पण काय आहे ते हाताला लागतच नाही."

एकदा सर तिच्या वर्गावरून जात असताना त्यांना ती खिडकीतून दिसली. कानांवर हेडफोन होते. हात बाकाखाली होते. तिथे तिने फुग्यांच्या कागदाचा तुकडा मांडीवर पसरला होता आणि धडा ऐकता ऐकता दोन्ही बोटं त्यावरून फिरत होती, डावीकडून उजवीकडे. ओळ संपली की खाली, पुन्हा डावीकडून. बरेचसे फुगे केव्हाच फुटून गेले होते.

सर तसेच पुढे गेले. जिना अर्धा चढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्यांना वर नाही, खाली जायचं होतं.

*

फोन आला तेव्हा सर शिक्षकांच्या खोलीत जेवणाचा डबा उघडून बसले होते. परदेशातला प्रोग्रामर पहिल्यांदाच समोरासमोर बोलणार होता. पडद्यावर एक पांढरं छत आलं, त्याला लागून दिव्याची काच, आणि कोपऱ्यात अर्धा कान.

"दिसतोय का मी?"

"तुमचं छत दिसतंय," सर म्हणाले.

"चांगलं आहे म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही." तो हसला. चित्र हललं आणि कानाऐवजी हनुवटी आली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं? मी जन्मापासून बोटांनीच वाचतो. तुम्ही इतक्या प्रेमानं फोटो पाठवत होतात, मला सांगायला संकोच वाटला."

सरांनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"उडीचा बिघाड सापडला," तो म्हणाला. "पण तो काही विशेष नाही. त्याच्यामागे दुसरा आहे, खरा वाईट. तो तुम्ही कळवलाच नव्हता."

"कुठला?"

"मलाही सापडत नव्हता. मी भरभर वाचतो. बोट पळत असलं की पट्टी नीट चालते. मग माझ्या आईच्या हातात दिली. तिची नजर आत्ता आत्ता गेली, म्हातारपणी अक्षरं शिकतेय. ती एकेका अक्षरावर मुक्काम करते. पहिल्याच ओळीला मला म्हणाली, मेल्या, तुझं यंत्र खोटं बोलतंय."

मागून एका बाईचा आवाज आला, काहीतरी ठणकावून सांगणारा.

"ती म्हणतेय, खोटं म्हणजे शुद्ध खोटं. तर झालंय असं, की बोट थांबलं की पट्टीला ते कळतं आणि ती त्याच्याखालचं अक्षर पुन्हा उठवते. मी नव्या प्रोग्राममध्ये तसं घातलं होतं, आणि फार घाईचं घातलं होतं. तुमच्या जुन्या पट्टीला तेवढा दम नाही. शेवटचा ठिपका खालीच राहतो. आईला मी बोट हलवू दिलं नाही, शेजारून नख घालून पाहिलं. ठिपका खाली!"

"आणि बोट काढलं की?"

"काढलं की येतो वर. लगेच. त्यामुळे बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. बोट ठेवणाऱ्यालाच कळेल, तेही सावकाश वाचत असेल तर." तो थांबला. "म्हणूनच मला नवल वाटलं. तुमची तर शाळा आहे. तुमच्याकडे सावकाश वाचणारं कुणीच नाही का? कुणी काही बोललं नाही?"

खोलीत दुसऱ्या शिक्षिका वह्या तपासत होत्या. पान उलटल्याचा आवाज आला.

"आवाज तुटतोय," सर म्हणाले. "नंतर बोलू." आवाज अगदी स्पष्ट येत होता.

त्यांनी फोन पालथा ठेवला. डब्याला झाकण लावलं. मग उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर टेकवलं आणि तसंच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. नखाची कड दिसत होती, कातडी दिसत होती. बोटाखाली काय आहे ते काही दिसत नव्हतं.

*

"अहो, मग यंत्राची चूक झाली ना ही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता?"

"तिचं बोट तयार नाही असं मी म्हणालो होतो."

"आम्हाला सगळ्यांना तसंच वाटलं."

"तुम्हाला मी सांगितलं म्हणून वाटलं. ती रोज सांगत होती, बाई. अमुक अक्षर लागतंय म्हणून. आणि मी म्हणायचो, हात काढ." सरांनी घसा साफ केला. "सावकाश वाच, थांबून वाच, हेही मीच. तिनं माझं ऐकलं नसतं तर ती चुकली नसती."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना हे बोलणं आवडलं नव्हतं. पण त्या ऐकत होत्या.

"पोरगी रमलीये तिथे," त्या म्हणाल्या. "तिची आई खूश आहे. आणि तुडतुड्याच्या घरी आपण कबूल करून बसलोय. आता पुन्हा इकडून तिकडे हलवायचं, आणि परत अडखळली तर? पुन्हा वर्गानं हसायचं?"

"मला एकदा बघू द्या."

"तुम्ही बघण्यावर तर सगळं झालंय म्हणताय." बाई बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी आवाज मऊ केला. "बरं. पट्टी येऊ दे. माझ्यासमोर एक पान वाचू दे तिला. नवं पान, पाठ नसलेलं. वाचलं तर तिची पट्टी तिला, तुडतुड्याच्या घरी मी बोलेन. नाही वाचलं तर मात्र आहे ते राहू द्यायचं. कबूल?"

"कबूल."

त्याच दुपारी सरांनी प्रोग्रामरला आपण होऊन फोन लावला. या वेळी पडद्यावर नुसती खिडकी आली.

"तुम्ही विचारलं होतंत, कुणी बोललं नाही का," सर म्हणाले. "बोलली होती. एक मुलगी. मीच तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही."

खिडकीसमोरून एक हात कीबोर्डाकडे गेला.

"बिघाड कुणी दाखवून दिला ते लिहायची आमच्यात पद्धत आहे," तो म्हणाला. "प्रोग्रामसोबत ते जगभर जातं. मी तुमचं नाव लिहून ठेवलं होतं. काय नाव तिचं?"

सरांनी सांगितलं. प्रोग्रामरने ते अडखळत म्हणून पाहिलं, मग अक्षरं एकेक करून विचारून घेतली. कळा दाबल्याचा आवाज आला. आधी खोडल्याचा, मग लिहिल्याचा.

*

भिंगरी जिन्याच्या पायरीवर बसून दप्तराचा बंद सोडत होती. सर शेजारी बसले. गुडघे वाजले.

"सर आले," ती म्हणाली. "तेल घाला त्यांना."

सरांनी तिला सगळं सांगितलं, मोठ्या बाईंसमोर वाचायचं ठरल्याचंही. लहान मुलाला भागाकार समजावताना सांगायचे तसं, पायरी पायरीने, मधे काही न गाळता: बोट थांबतं, अक्षर पुन्हा उठतं, एक ठिपका खाली राहतो, व चा ल होतो आणि ट चा त, बोट निघतं, ठिपका वर येतो. भिंगरी बंदाशी चाळा करत ऐकत होती.

"म्हणजे लातच होतं," ती म्हणाली.

"तुझ्या बोटाखाली लातच होतं."

"आणि हात काढला की वाट."

"हो."

"मला वाटायचं, अक्षरं तुम्हाला घाबरतात." ती हसली नाही. "मी वाचत असले की वेगळी असतात आणि तुम्ही आलात की शहाण्यासारखी उभी राहतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, असं कधी असतं का?"

"माझं चुकलं, भिंगरी."

"हूं."

खालच्या पटांगणात कुणीतरी चेंडूतलं घुंगरू वाजवत पळालं. ती तिकडे कान देऊन होती.

"ती पट्टी तुडतुड्याला द्यायची ठरली होती," सर म्हणाले. "पाठवली तेव्हाच. तुला मी खरं सांगितलं नव्हतं."

"माहितीये. मोठ्या बाई फोनवर केवढ्यांदा बोलतात."

"माहीत होतं? मग खोका बांधायला का थांबलीस?"

"मला तो फुग्यांचा कागद हवा होता."

तिने दप्तर पाठीला लावलं आणि उठली. दोन पायऱ्या उतरून थांबली.

"बाईंसमोर वाचायचं म्हणजे तुम्ही असणार ना?"

"तुला चालणार असेल तर."

तिने खांदे उडवले आणि भिंतीला हात न लावता निघून गेली.

*

पट्टी आली ती दुसऱ्याच कागदात गुंडाळलेली होती. केबल चार बोटांभोवती घट्ट वेटोळी घातल्यासारखी गुंडाळलेली; तिकडच्या कुणालातरी तीच पद्धत पटली होती. सरांनी नवा प्रोग्राम चढवला. मग वाकड्या मानेच्या दिव्याचा प्लग काढला आणि दिवा कपाटात ठेवून दार लावलं.

मोठ्या बाई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. पान त्यांनीच निवडलं होतं. सरांनी ते पाहिलं नव्हतं; संगणकाचा पडदा त्यांनी बाईंकडे वळवून ठेवला होता आणि स्वतः फळ्याच्या बाजूला, पट्टी नजरेत येणार नाही असे उभे होते.

भिंगरीने फ्रॉकला हात पुसले आणि बोटं पट्टीवर ठेवली.

पहिला शब्द तिने वाचला. वाचला आणि हात उचलून मांडीवर ठेवला.

बाईंनी सरांकडे पाहिलं.

भिंगरीने हात परत नेला. दुसरा शब्द. हात मांडीवर. तिसरा. हात मांडीवर. प्रत्येक वेळी ती थोडी थांबायची, मान खाली घालून, हाताची पालथी बाजू पट्टीच्या दिशेला वळवून, जणू तिथून काही यायचं होतं. चौथ्या शब्दाला तिने बोट ठेवलं, आणि या वेळी तोंडातून काहीच आलं नाही. हात तेवढा निघाला.

"दिवा नाही आणला?" तिने विचारलं.

"दिवा?"

"तुम्ही बघायला लागलात की हाताला ऊन लागतं ना. चुकलं की लागायचं."

सरांनी फळ्याच्या चौकटीला धरलं. खडूची पूड बोटांना लागली.

"दिवा नाहीये आज," ते म्हणाले.

"मग बघणार कसं?"

"मी बघत नाहीये."

मोठ्या बाई खुर्चीतून पुढे वाकल्या. पट्टी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात होती आणि शब्द सांगायला त्यांचे ओठ उघडले होते. सरांनी हात आडवा धरला. बाई तशाच, वाकलेल्या, थांबल्या.

"सर, वाट आहे की लात?" भिंगरीने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"मला कसं कळणार?" सर म्हणाले. "बोट तुझं आहे."

पटांगणातून मुलांचा गलका आत येत होता आणि खिडकीच्या काचेवर एक माशी पुन्हा पुन्हा आपटत होती. मग भिंगरीने हात उचलला आणि बोट त्या अक्षरावर टेकवलं. हलवलं नाही. सर तिला सांगायचे तशी ती त्यावर थांबली, आणि थांबूनच राहिली. कपाळावर आठी आली. वरचे ठिपके, मधले, खालचे. डावा. उजवा.

"वाटच आहे," ती म्हणाली.

ती हात न काढता पुढच्या शब्दावर गेली.